उपकेंद्रावर शिकायला येणाऱ्या मुलींना एक माणूस द्या

प्रति,
मा. संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, गोवा,
आणि राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्राचार्य व अध्यापक

विषय: उपकेंद्रे आणि आरोग्य केंद्रांवर शिकणाऱ्या परिचारिकांना कायमची मार्गदर्शक मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यात राहते. एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची परिचारिका, म्हणून नोकरीला लागले आणि ३३ वर्षांनी सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून निवृत्त झाले. या काळात मी शिकायला आलेल्या शेकडो मुली पाहिल्या. (आता मुलगेही येतात. पत्रात मी सवयीने ‘मुली’ म्हणत असले तरी त्यांनाही त्यात धरलेले आहे.) त्या शेकडो मुलींपैकी आज नावानिशी आठवतात त्या फार तर वीस. एवढ्याच का, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मुली यायच्या त्या व्हॅनमधून. सकाळी दहाला उतरायच्या, बारा-तेरा जणी, सगळ्यांच्या हातात फाइली. लसीकरणाचा दिवस असला तर अंगणात आया बाळांना घेऊन बसलेल्या असत आणि आत माझी नोंदवही उघडी असे. त्या गर्दीत एकीच्या वाट्याला बाळाचे वजन यायचे, दुसरीच्या वाट्याला रक्तदाब, बाकीच्या भिंतीला टेकून बघत राहायच्या. एक वाजता व्हॅन परत. दोन आठवड्यांनी दुसरी तुकडी. फाइलवर सही करताना मला बरेचदा नाव बघून लिहावे लागे. जिचे नाव मला येत नाही तिला मी काय शिकवले असेल? यात मुलींचा दोष नव्हता आणि त्यांना घेऊन येणाऱ्या बाईंचाही नव्हता. वेळापत्रकच तसे होते.

तेव्हा हे एक वेळ चालून जाई, कारण परिचारिकेने ठरवायचे फारसे काही नसे. डॉक्टर ठरवत आणि आम्ही करत असू. आता तसे राहिलेले नाही. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीड लाख आरोग्य व कल्याण केंद्रांची घोषणा झाली, आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यानंतर उपकेंद्रावर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर येऊ लागले आणि त्यांतले बहुतेक मूळचे नर्सिंगचेच. त्यासाठी आधी सहा महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम असे, तो आता बीएस्सी नर्सिंगमध्येच घातला आहे. म्हणजे तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची, म्हाताऱ्यांची आणि मनाच्या आजारांची विचारपूस करायची, कोणाला घरी पाठवायचे, कोणाला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांना दाखवायचे आणि कोणाला आत्ताच्या आत्ता गाडीत बसवायचे, हे बावीस-तेवीस वर्षांची मुलगी ठरवणार. समोर डॉक्टर नाही. दारात आठ माणसे उभी आणि आत ती एकटी.

अमेरिकेत अशा परिचारिकेला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळे कुटुंब ती बघते, तपासते, निदान करते, औषध लिहून देते. तिला पदव्युत्तर शिक्षण आणि वेगळा परवाना लागतो. आपल्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसरला एवढा अधिकार नाही, आणि दोघी एकच असे मी म्हणणार नाही. पण चालायची वाट तीच आहे. तिकडे त्या वाटेची सुरुवात १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, अशा दोघांनी मिळून ती केली. फोर्डबाई गावोगाव फिरून काम केलेल्या होत्या. डॉक्टर नसलेल्या गावात परिचारिका काय काय निभावते ते त्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांना हे सुचले. २०२५ च्या जानेवारीत, १०४ व्या वर्षी त्या गेल्या. ती बातमी वाचून मी आमच्या जुन्या एलएचव्हींना, म्हणजे आम्हा एएनएमवर देखरेख करणाऱ्या बाईंना, फोन केला आणि आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आज तिकडे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. मी तिला विचारले, “तुला तिथे शिकवले कसे?” ती म्हणाली, “सिस्टर, पुस्तकातले विद्यापीठाने शिकवले. बाकीचे एका बाईने.” त्या बाईला तिकडे प्रिसेप्टर म्हणतात. रोज स्वतःचे रुग्ण तपासणारी अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टर, आणि त्यांच्यासोबत सलग काही महिने एक विद्यार्थिनी. तिकडच्या २०२२ च्या मानकांप्रमाणे विद्यार्थिनीने प्रत्यक्ष रुग्णांसोबत किमान ७५० तास काम केलेले असावे लागते. तिकडेही सगळे सुरळीत आहे असे नाही. शिकवणारी माणसे पुरत नाहीत, विद्यार्थ्यांना स्वतःच दारोदार फिरून प्रिसेप्टर शोधावी लागते, काही जण त्यासाठी पैसेही मोजतात. म्हणून जॉर्जिया, मेरीलँड, कोलोराडो, हवाई अशा काही राज्यांनी विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांना आयकरात सवलत दिली. त्या सरकारांना एक गोष्ट पटली आहे, ती म्हणजे शिकवणे हेही काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

आमच्याकडे तो वेळ कुठेच धरलेला नाही. मी आयुष्यभर जे मासिक अहवाल भरले त्यांत लसी, गरोदर बाया, तपासलेले रक्ताचे नमुने, वाटलेल्या गोळ्या असे सगळ्याचे रकाने होते. या महिन्यात कोणाला काय शिकवले याचा रकाना मी एकदाही पाहिला नाही.

शिकवणे म्हणजे नक्की काय, ते एका प्रसंगातून सांगते.

साधारण पन्नाशीची एक बाई आली. म्हणाली, “बाय, घुंवळ येता.” माझ्याकडची मुलगी हुशार होती. तिने चक्कर असे लिहिले, रक्तदाब घेतला, तो ९६ बाय ६० भरला. ती म्हणाली, “कमी आहे, अशक्तपणा असेल, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्यायला सांगते.” मी उत्तर दिले नाही, फक्त विचारले, “का कमी आहे?” तिला सांगता येईना. मी म्हटले, “बाईंना पिशवी उघडायला सांग.” बाईंनी पिशवी उपडी केली. एक पाकीट आरोग्य केंद्राचे, दुसरे खासगी दवाखान्याचे. नावे दोन आणि आतले औषध एकच, रक्तदाबाचे. बाई दोन्ही नेमाने घेत होत्या, वर एकादशीचा उपवास. मुलीने दोन्ही पाकिटे उलटी करून बारीक अक्षरे वाचली आणि ती खुर्चीत एकदम ताठ बसली. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन मी तिलाच करायला लावला. एक गोळी बंद झाली. पुढच्या आठवड्यात त्या बाई आल्या तेव्हा ही मुलगी तिथेच होती. तिने पुन्हा रक्तदाब घेतला, बाई हसल्या. त्या मुलीने त्यानंतर एकाही रुग्णाची पिशवी बघितल्याशिवाय त्याला सोडले नसेल, असे मला खात्रीने वाटते.

यात मी केले ते इतकेच, की उत्तर ओठांवर असताना गप्प बसले. हे गप्प बसणे मला यायला दहा वर्षे लागली. दारात रांग असते, स्वतः सांगून टाकले की दोन मिनिटांत सुटका होते. पण सांगून टाकले की ती माझे उत्तर लिहून घेते, आणि उद्या एकटी असताना तिच्याकडे फक्त माझे कालचे उत्तर उरते. अमेरिकेत १९९२ साली डॉक्टरांना शिकवण्यासाठी एक छोटी पद्धत मांडली गेली. आधी शिकणाऱ्याकडून त्याचे मत वदवून घ्यायचे, मग त्या मतामागचे कारण विचारायचे, त्यातून एखादा नियम समजावायचा, बरोबर केले ते नेमके सांगायचे आणि शेवटी चुकले ते दुरुस्त करायचे. माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीने फोनवर हे सांगितले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आम्ही ठेचा खाऊन जे शिकलो ते कोणीतरी नीट मांडून ठेवले होते. हे शिकवता येते. म्हणजेच शिकवणाऱ्यांनाही शिकवता येईल, बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमध्ये दोन-तीन दिवसांच्या वर्गातही. ज्येष्ठ झाली म्हणून कोणी आपोआप शिकवू लागत नाही.

उलट, ज्येष्ठांच्या हातून नुकसानही होते. मी शिकत असताना एका सिस्टरनी रुग्णांच्या देखत मला झापले होते, एका किरकोळ चुकीवरून. तेव्हापासून मी त्यांना काही विचारायचे सोडले. पुढे एका लसीकरणाच्या दिवशी, आइसपॅक पाणी सुटेपर्यंत बाहेर न ठेवता थेट पेटीत भरलेले मी पाहिले. त्रिगुणी लसीची कुपी त्यांना चिकटून गोठल्यासारखी दिसत होती. गोठलेली त्रिगुणी लस निकामी होते हे मला पाठ होते. मी बोलले नाही. पुन्हा चारचौघांत अपमान नको, एवढाच विचार मनात होता. ती लस दिली गेली. त्या दिवशी किती बाळे होती हे मला आजही माहीत आहे. आकडा इथे लिहीत नाही. ज्या मुलीला शंका विचारायची भीती वाटते ती पुढे रुग्णाला धोक्याची असते, आणि ती भीती घातलेली असते आमच्यासारख्यांनी. म्हणून मार्गदर्शक निवडताना केवळ सेवेची वर्षे मोजू नका. तिच्याकडे शिकून गेलेल्या मुलींना विचारा, त्या सांगतील.

आता सलगपणाबद्दल. दोन आठवड्यांत मुलीला आजार दिसतो, पण तोच माणूस पुन्हा दिसत नाही, आणि कुटुंबाची परिचारिका घडते ती माणूस पुन्हा पुन्हा बघूनच. मधुमेहाचेच घ्या. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. आमच्या दारात रोज उभा असणारा आजार हाच. मुलगी येते, स्ट्रिप लावते, साखर २४० भरली की “भात कमी करा” सांगते. दहा वाजता पेज, दुपारी शीत-कडी म्हणजे भात-आमटी आणि संध्याकाळी पाव खाणाऱ्या माणसाला भात कमी करा म्हणजे नेमके काय करा? हे तिला त्या घराच्या स्वयंपाकघरात बसल्याशिवाय कळणार नाही. श्रावणात ज्यांची साखर बरी असते त्यांची चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, नेवऱ्या-मोदकांनी वर गेलेली असते. हे तिने स्वतः दोन्ही वेळा मोजून पाहिले पाहिजे. आणि पाय. चपला काढायला लावून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांत बघायचे. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, अनवाणी काम करणाऱ्या माणसाला जखम झालेली कळतच नाही, कारण पाय बधिर झालेला असतो. मी दर वेळी पाय बघायला लावत असे आणि मुली दर वेळी विसरत. तिसऱ्या महिन्यात मात्र विसरत नसत. ज्या दोन आठवड्यांत निघून गेल्या, त्यांचे काय झाले मला ठाऊक नाही.

माझी आजी वयजीण, म्हणजे सुईण, होती. तिला अक्षर येत नव्हते. ती तिच्या मावशीमागून कंदील धरून जायची. पहिली कित्येक बाळंतपणे तिने फक्त उजेड दाखवला, मग पाणी तापवले, मग बाळ हातात घेतले, आणि शेवटी एके रात्री मावशीने तिलाच पुढे केले व स्वतः कंदील धरला. त्या काळी बाया आणि बाळे कशी दगावत ते मी ऐकून आहे, त्यामुळे तो काळ परत यावा असे मी म्हणत नाही. पण कंदील कोणी आणि कधी धरायचा हे त्या मावशीला उमजलेले होते.

आपल्याच गोव्यात याचे आणखी एक उदाहरण आहे, आणि त्याची दखल जगाने घेतली. संगाथ या संस्थेने इथल्या आरोग्य केंद्रांवर नैराश्य, चिंता आणि दारूच्या त्रासासाठी साध्या, गावातल्या समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. ती माणसे डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा पहिला मोठा अभ्यास आला, १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने मिळून केलेला. सरकारी केंद्रांत त्याचा रुग्णांना स्पष्ट फायदा दिसला. माझे लक्ष मात्र त्यांच्या पुढच्या कामातल्या एका गोष्टीने वेधले. हे समुपदेशक रुग्णाच्या परवानगीने आपले बोलणे ध्वनिमुद्रित करत, मग गटात बसून ते ऐकत आणि एकमेकांना गुण देत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत, नंतर ते आपले आपण करू लागले. म्हणजे मार्गदर्शन हे त्या कामाच्या आतच बसवलेले होते, आठवड्याच्या वेळापत्रकात त्याची जागा होती. काम उरकून वेळ उरला तर करू, असे नव्हते. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसाला हे जमते, तर बीएस्सी झालेल्या मुलींना का जमणार नाही? फक्त बसायला एक खोली हवी आणि आठवड्याचा एक तास, जो दुसऱ्या कोणत्याही सभेसाठी हिरावून घेतला जाणार नाही.

तर माझे मागणे असे आहे. ज्या उपकेंद्रावर किंवा आरोग्य केंद्रावर विद्यार्थिनी पाठवायच्या तिथे एका वेळी दोनच पाठवा, आणि सलग किमान तीन महिने. त्यांना एक ठरलेली मार्गदर्शक द्या, तिचे नाव कागदावर असू द्या. तिचे इतर काम त्या प्रमाणात कमी करा. दोन मुलींना शिकवणारी परिचारिका त्या महिन्यांत पूर्वीइतकेच रुग्ण पूर्वीइतक्याच वेगाने बघू शकणार नाही, हे अहवाल बघणाऱ्यांनी आधीच मान्य केलेले असावे. प्रत्येक मुलीकडे दहा घरे सोपवा. तीन महिन्यांत त्या घरांतल्या प्रत्येक माणसाचे नाव, औषध आणि अडचण तिला तोंडपाठ असली पाहिजे. परीक्षेत त्या दहा घरांवर प्रश्न विचारा. फाइलींच्या जाडीवर गुण देणे बंद करा.

मनुष्यबळ कमी आहे, असे उत्तर येईल हे मी जाणते. मी त्याच कमी मनुष्यबळात नोकरी केली आहे. एकाच वेळी दोन उपकेंद्रे सांभाळली आहेत. म्हणून सगळीकडे एकदम करा असे मी म्हणत नाही. उत्तरेत सत्तरी आणि दक्षिणेत सांगे किंवा काणकोण, अशी चार-पाच केंद्रे निवडा. आम्ही निवृत्त झालेल्या पुष्कळ जणी घरी आहोत. हातपाय धड आहेत, गावे ओळखीची आहेत, लोक आजही वाटेत थांबवून गोळ्या दाखवतात. आम्हाला आठवड्यातून दोन दिवस मार्गदर्शक म्हणून बोलवा. मी मानधनासाठी हे लिहीत नाही, पण प्रवासखर्च जरूर द्या, कारण सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते.

आणखी एक विनंती, सत्तरीपुरती. २०१५ पासून आमच्याकडे माकडताप आहे. पहिल्यांदा तो पाली गावाकडे आढळला. गोचिडीतून पसरणारा हा आजार नेमका काजूच्या हंगामात डोके वर काढतो, कारण तेव्हा माणसे बोंडू वेचायला रानात जातात. अचानक चढलेला ताप, डोके आणि अंग फुटल्यासारखे दुखणे, ओकाऱ्या. पुस्तकातल्या दहा तापांशी जुळणारी ही लक्षणे. पण इथे शिकलेली मुलगी ताप मोजायच्या आधी विचारते, “काजूत गेला होतास? रानात माकड मेलेले दिसले का?” हा प्रश्न तिला वर्गात सुचणार नाही. हंगामात आमच्यासोबत काजूच्या बागांत फिरली, अंगाला तेल लावून गेली, संध्याकाळी कपडे झटकून गोचिडी शोधल्या, तर सुचेल.

काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्याआधी जानेवारीतच दोन मुली आमच्याकडे पाठवा आणि मेअखेरपर्यंत राहू द्या. राहण्याची सोय गावात होईल, ते मी बघते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका
सत्तरी, गोवा